काकांच्या घरचे ढेकूण

आमच्या धंद्यात किळस येणारा माणूस आठवडाभरही टिकत नाही. तो माझ्याबरोबर चौदा वर्षं होता. घरोघरी औषध मारायला जायचा, म्हणून सगळे त्याला औषधवालाच म्हणायचे. मीही. हॉटेलांच्या मोऱ्या, धान्याची गोदामं, इस्पितळांची तळघरं, सगळीकडे पाठीला पंप बांधून आम्ही जोडीने फिरलो. गटाराच्या झाकणाखालून झुरळांचा लोंढा अंगावर आला तरी हा शांतपणे बाही झटकायचा आणि म्हणायचा, "बिचारी, रस्ता चुकली." माळ्यावर मेलेला उंदीर चिमट्यात धरून खाली आणायचा, साबणाने हात धुवायचा आणि डबा उघडायचा. मी त्याच्याकडे पाठ करून जेवायचो.

त्याचं तोंड वाकडं झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते एका झकपक दिवाणखान्यात, त्याच्या समोर वाफाळता चहा असताना.

त्याला एकच बहीण, पाठची. तिच्या नवऱ्याने आणि तिने पै-पै जोडून तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. दोन मुली. थोरली अकरा वर्षांची, धाकटी पाच. एका दुपारी मुली शेजारणीकडे होत्या आणि ही दोघं स्कूटरवरून परत येत होती. वळणावर मागून ट्रक आला. पुढचं सांगण्यासारखं काही नाही.

अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी नातेवाईक त्याच घरात जमले. मुलींचं काय करायचं, हा प्रश्न. मुली आतल्या खोलीत होत्या, पण दार उघडंच होतं आणि भिंतीही काही जाड नव्हत्या. बसल्या जागी जो तो आपापली अडचण सांगत होता. कुणाची सून बाळंत होणार होती, कुणाचं घर भाड्याचं होतं. औषधवाला दाराशी उभा होता. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढा त्याचा संसार, त्यातही व्हरांड्यात औषधाचे डबे. तो खाली मान घालून पायातल्या रबरी बुटांकडे बघत राहिला.

तेव्हा मुलींचे काका उठले. वडलांचे थोरले भाऊ, एका शाळेत पर्यवेक्षक. चार माणसं दिसली की ह्यांना भाषण सुचायचं. ते म्हणाले, "माझ्या भावाचं रक्त आहे ते. मी ते रस्त्यावर टाकणार नाही. आजपासून मला तीन मुलं."

बायकांनी डोळे पुसले. एका म्हाताऱ्याने काकांची पाठ थोपटली. काकांना एक मुलगा होता, परगावी शिकायला. म्हणून तीन. भाषणानंतर पाण्याचा घोट घेऊन काका म्हणाले, "घराचे कागद कुठे आहेत? सुरक्षित राहिले पाहिजेत." औषधवाल्याने कपाट उघडलं आणि निळी फाईल स्वतःच्या हाताने त्यांना दिली.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसता बसता तो मला म्हणाला, "सुटलो रे." मलाही तसंच वाटलं होतं. आपण माणसं अशीच असतो, दुसऱ्याने ओझं उचललं की त्याला थोर म्हणायला मोकळे.

मग तीन महिने गेले. हा दर रविवारी मुलींना भेटायला जायचा आणि दारातूनच परत यायचा. कधी मुली अभ्यासाला बसलेल्या, कधी झोपलेल्या. एकदा काकूंनी समजावून सांगितलं, "तुम्ही सारखे आलात की त्या रडतात हो. रुळू द्या जरा." ह्याला ते पटलं. पटवून घ्यायचं असलं की काहीही पटतं.

त्याची बायको एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. मुलींची मामी. जिभेला तिखट, पण खोटं न खपवणारी. एका सकाळी रांगेत तिला काकू दिसल्या, हाताशी धाकटी. काकूंनी तोंड दुसरीकडे फिरवलं, पण खिडकी एकच होती. धाकटीच्या दोन्ही हातांवर, मानेवर, पोटऱ्यांवर लाल गांधी. "ॲलर्जी आहे. आईकडून आलीय," असं काकू म्हणाल्या. मेलेल्या माणसावर काहीही ढकलता येतं, ते नाही म्हणायला येत नाही.

मामीने घरी येऊन नवऱ्याला विचारलं, "एकाच ओळीत तीन-तीन गांधी, हे कसलं लक्षण?"

तो जेवत होता. हातातला घास त्याने खाली ठेवला. "कुणाच्या अंगावर?"

ढेकूण चावतो, जरा सरकतो, पुन्हा चावतो. ओळीने चावे दिसले की आमच्यातला कालचा पोरगाही सांगेल. त्याने लगेच काकांना फोन लावला आणि म्हणाला, "घरात एकदा औषध मारून देतो, काही द्यायचं नाही."

काका भडकले. "आमच्याकडे ढेकूण? अहो, ही सभ्य लोकांची वस्ती आहे."

पण आठवड्याने काकूंचाच फोन आला, दबक्या आवाजात. आता त्यांच्या स्वतःच्या पलंगावरही चावे दिसू लागले होते. "या तुम्ही. फक्त गाडी मागच्या बाजूला लावा. आणि ते कंपनीचं नाव असलेले शर्ट घालू नका."

आम्ही साधे शर्ट घालून गेलो, चोरासारखे मागच्या दाराने.

घर काय विचारता! फरशीत तोंड दिसेल. काचेच्या कपाटात ढाली आणि करंडक, भिंतीवर मानपत्रं. मधोमध मुलींच्या आईवडलांचा मोठा फोटो, त्यावर छोटा दिवा. येणाऱ्याची नजर आधी तिथेच जावी अशी सोय. मुलाची खोली कुलूपबंद होती. काकू म्हणाल्या, "तिथे काही नाही, वापरतच नाही. गाद्यांवर प्लॅस्टिक घालून ठेवलंय."

"मुली कुठे झोपतात?" औषधवाल्याने विचारलं.

"आत."

आत म्हणजे स्वयंपाकघराच्या मागे. कपडे धुवायचं मशीन, केरसुण्या, रद्दीचे गठ्ठे, आणि मशीन आणि भिंत यांच्या मधल्या पट्ट्यात एक गादी. खिडकी नव्हती. आत पाय टाकताच तो वास आला, गोडसर, कुबट. आमच्या धंद्यातल्या माणसाला हा वास पत्ता सांगतो.

गादीवर मोठे पिवळे-तपकिरी डाग होते, एकात एक मिसळलेले. थोरली दाराशी उभी होती. तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, "ती आजीची गादी आहे. आजी आजारी होती ना, तेव्हाची. माळ्यावर होती."

ही आजी म्हणजे काकांची आई. शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळून होती आणि त्याच गादीवर गेली. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. गादी फेकायचा जीव झाला नाही, धुवायचीही बुद्धी झाली नाही. पोरक्या मुली आल्यावर ती कामाला आली.

औषधवाला गुडघ्यांवर बसला आणि बोटाने गादीची शिवण उसवली. मी एवढी वर्षं हे काम करतोय, तरी मागे सरलो. शिवणीत जागाच उरली नव्हती. ढेकूण, अंडी, काळे ठिपके, आणि टाकलेल्या काती थरावर थर. ढेकूण वाढताना कात टाकतो. त्या काती पाहून घरात त्यांचा मुक्काम किती दिवसांचा, हे कळतं.

"या पोरींनीच आणले त्यांच्या घरून," मागून काकू म्हणाल्या. "आमच्याकडे आधी कधीच नव्हते."

"वहिनी," तो वळूनही न बघता म्हणाला, "ह्या काती वर्ष-दीड वर्षाच्या आहेत. मुलींना येऊन तीन महिने झालेत."

काकू पदर सारखा करत निघून गेल्या.

थोरली त्याच्याजवळ येऊन बसली. तिचे हात तर धाकटीपेक्षा वाईट होते. "मी भिंतीकडे झोपते मामा," ती म्हणाली, "तिकडून जास्त येतात. हिला मशीनकडे झोपवते. तरी हिला चावतातच." जणू आपल्या हातून कामात कसूर झाली असावी, तशी ती सांगत होती.

आम्ही काम केलं. गादी प्लॅस्टिकमध्ये बांधून बाहेर ठेवली, सांधे, फटी, पलंग, सगळीकडे औषध मारलं. अंडी फुटतात म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा मारावं लागेल आणि ती गादी जाळूनच टाका, असं त्याने काकूंना सांगितलं.

काकांनी आम्हाला दिवाणखान्यात बसवलं. कोचावर नव्हे, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. चहा आला. त्यांच्या कपाला सोनेरी कड, आमच्या कपांचे कान तुटलेले. काकांनी टेबलावर एक कागद सरकवला.

"पाहुणे, मी कोर्टात पालकत्वाचा अर्ज केलाय. कायद्याने पालक झालं की शाळा, दवाखाना, सगळं सोपं. मामा म्हणून तुमची ना-हरकत लागेल. इथे सही करा." मग चहाचा घोट घेऊन ते सहज बोलावं तसं म्हणाले, "त्या घराला गिऱ्हाईकही चांगलं आलंय. बंद घर खराब होतं हो. मुलींच्या भल्याचंच बघायचंय."

वर भिंतीवर त्या दोघांच्या फोटोपुढचा दिवा जळत होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात, हे ऐकून होतो. खाताना ती नॅपकिन वापरतात, हे तिथे कळलं.

तेव्हा मी त्याचं तोंड पाहिलं. ओठ असे मुडपलेले, जणू दातांखाली काही आलं असावं. त्याने कप खाली ठेवला. वाटलं, आता हा टेबल उलटवणार. पण तो टेबल उलटवणाऱ्यातला नव्हता. "वाचून देतो," एवढंच म्हणाला आणि कागद घडी करून खिशात घातला.

गाडीपर्यंत आला आणि चाकाला धरून ओकला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. मी पाणी दिलं. चूळ भरून म्हणाला, "फाईल मीच दिली होती रे. ह्या हाताने."

घरी मामीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वकील बघायचा ना उद्या?"

"आपलं घर एवढंसं. तो पर्यवेक्षक, मी हा असा. कोर्ट मला कशाला देईल मुली?"

"नाही दिल्या तर नाही दिल्या. मागितल्याच नाहीत, असं तर होणार नाही."

त्याने सही केली नाही. उलट स्वतःच पालकत्वाचा अर्ज दिला. झालं, सभ्य लोकांनी बाह्या वर केल्या. जे नातेवाईक चौथ्या दिवशी अडचणी सांगत होते, तेच आता त्याच्या घरी समजूत घालायला येऊ लागले. "खानदानाची अब्रू चव्हाट्यावर कशाला?" अब्रू त्या मशीनमागे कुजत पडली होती तेव्हा कुणी नाक मुरडलं नव्हतं.

कोर्टाच्या भाषेत अठराच्या आतल्या मुलांना 'अज्ञान' म्हणतात. थोरली अज्ञान, धाकटी अज्ञान. त्या खोलीत बसलेल्या सगळ्या सज्ञानांपेक्षा त्या दोघींना जास्त कळत होतं. काकांचा वकील उभा राहिला आणि त्याने औषधवाल्याचा धंदाच धुऊन काढला. ह्याच्या घरात विष असतं, अंगाला विषाचा वास येतो, शिक्षण आठवी. दुसऱ्या बाजूला आदरणीय शिक्षक, प्रशस्त घर, सुसंस्कृत वातावरण. काका रुमालाने कपाळ टिपत होते. नाकाने कांदे सोलणारा माणूस पाहायचा असेल तर त्यांना पाहावं.

दोन्ही घरं बघायला कोर्टाने एक समाजसेविका पाठवली. औषधवाल्याकडे ती आली त्याआधीच आम्ही औषधाचे सगळे डबे माझ्या गॅरेजमध्ये हलवले होते. तरी तिने विचारलं, "वास कसला?" तो म्हणाला, "चौदा वर्षांचा आहे, लगेच जाणार नाही. डबे आता ह्याच्याकडे असतात, बघायचे असतील तर चला." तिने ते लिहून घेतलं.

काकांकडे मात्र नाटकच उभं होतं. मुलाच्या खोलीचं कुलूप निघालेलं, दोन नवे पलंग, फुलाफुलांच्या चादरी, कपाटावर बाहुल्या. "ही मुलींची खोली," काकू म्हणाल्या. उकडत होतं. समाजसेविकेने थोरलीला सांगितलं, "बाळा, पंखा लाव ना जरा." थोरलीने एक बटण दाबलं, दिवा लागला. दुसरं दाबलं, काहीच झालं नाही. तिसरं दाबलं, बाहेरचा दिवा लागला. मग ती हात खाली सोडून उभी राहिली. काकू घाईघाईने पुढे झाल्या. समाजसेविकेने तेही लिहून घेतलं.

सुनावणीच्या दिवशी मी साक्षीला होतो. गादीचं सांगितलं. डाग, काती, सगळं. काकांचा वकील म्हणाला, "ढेकूण कुणाच्याही घरी होतात." मी म्हटलं, "होतात. पण ते मुलींनाच वाटून दिले जात नाहीत." न्यायाधीश बाईंनी मला विचारलं तेवढंच बोलायची ताकीद दिली.

मग त्यांनी औषधवाल्याकडे पाहिलं. "मुलींची एवढी काळजी होती, तर पहिल्या दिवशीच का नाही पुढे आलात?"

त्याच्या वकिलाने ह्यासाठी एक छान उत्तर पाठ करून घेतलं होतं. हा ते विसरला, किंवा त्याला ते बोलवेना. "खरं सांगू मॅडम? काकांनी नेतो म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मीही त्यांच्यातलाच एक होतो." वकिलाने कपाळाला हात लावला. मागच्या बाकावर मामीच्या शेजारी बसलेली थोरली त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. त्याने नंतर मला सांगितलं, काकांच्या वकिलाने जे जे म्हटलं ते सगळं सोसलं, ती नजर सोसवली नाही.

बाईंनी मुलींशी आपल्या दालनात एकट्याने बोलून घेतलं. परत आल्यावर म्हणाल्या, "निकाल जेवणानंतर देईन. एक गोष्ट दोन्ही बाजूंनी आताच समजून घ्या. घर मुलींच्या नावावर राहील. पालक कुणीही असो, कोर्टाच्या परवानगीशिवाय ते विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही. दरवर्षी कोर्टाला हिशेब द्यावा लागेल."

काका अर्धवट उठले. "म्हणजे पालकाला विकता येणारच नाही?"

"मुलींच्या हितासाठी, परवानगी घेऊन. पैसाही मुलींच्याच नावे राहील."

काका बसले. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना व्हरांड्यात वकिलाशी कुजबुजताना पाहिलं. आधी हातवारे, मग मान हलवणं, मग काकूंकडे बघून खांदे उडवणं. हॉटेलात मागवलेला पदार्थ संपलाय म्हटल्यावर माणूस जसा दुसरं काही न मागवता उठतो, तसं.

दुपारी काकांनीच अर्ज मागे घेतल्याचं पत्र दिलं. "मुलींचा ओढा मामांकडे आहे. मी मन मोठं करतो." पत्र देताना त्यांचा गळा भरून आला. बाहेर येऊन त्यांनी दोघींना कवटाळलं, डोक्यावरून हात फिरवला. चांगली दहा-बारा माणसं बघत होती. धाकटी त्यांच्या कुशीत लाकडासारखी ताठ उभी होती. भांडून घेतल्या असत्या तरी एक वेळ बरं वाटलं असतं. ह्या तर नको असलेल्या मालासारख्या परत मिळाल्या होत्या.

निकाल लागला. औषधवाला दोघींचा कायदेशीर पालक झाला. पेढे नाहीत, काही नाही. चौघं रिक्षात दाटीवाटीने बसून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मुलींचं सामान पाठवलं. दोन पिशव्या कपडे, दप्तरं, आणि दोरीने बांधलेली ती गादी. वर चिठ्ठी: "मुलींची वस्तू." आम्ही ती गावाबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन जाळली. आग लागली तसे कडेने ढेकूण बाहेर पडू लागले. औषधवाला बुटाने एकेक चिरडत होता. एरवी तो कधी असं करत नसे.

पुढचं सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. थोरलीने महिनाभर मामाशी एक शब्द काढला नाही. जे बोलायचं ते मामीशी. शेवटी मामीनेच तिला एकदा फटकारलं, "त्याने कोर्टात खोटं बोलायला हवं होतं का?" त्यावर ती म्हणाली, "नाही. पण मला ऐकू यायला नको होतं." त्यानंतर हळूहळू सुरू झालं, आधी अभ्यासातल्या अडचणी, मग बाकीचं. औषधवाला कामावरून आल्यावर दोनदा अंघोळ करू लागला. त्याने फवाऱ्याची कामं कमी घेतली. तिसऱ्या मजल्यावरचं घर कोर्टाची परवानगी काढून भाड्याने दिलं, त्यातून मुलींच्या फिया भागल्या. दरवर्षी तो कागद घेऊन कोर्टात जायचा आणि परीक्षेला बसल्यासारखा घामाघूम व्हायचा. थोरली आता औषधशास्त्र शिकतेय. मामाच्या डब्यांवरची बारीक अक्षरं वाचून त्याला ओरडते.

मागच्या वर्षी एका लग्नात आम्ही सगळे होतो. काका निवृत्त झालेत, पण आवाज तोच. चार माणसांच्या घोळक्यात सांगत होते, "पहिले कठीण दिवस आम्हीच काढले. आमच्याकडेच होत्या दोघी. ढाल झालो म्हणा ना." ऐकणारे माना डोलवत होते. थोरलीने ते ऐकलं, हातातली ताटली तशीच टेबलावर ठेवली आणि बाहेर निघून गेली. औषधवाला तिच्या मागोमाग गेला.

काकांचं लक्ष धाकटीकडे गेलं. आता तेरा वर्षांची आहे. त्यांनी तिला जवळ ओढलं, गालावर थापट मारली, "ओळखलंस का गं?" म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता पुढे निघून गेले.

तिने ओढणीने गाल पुसला आणि मला विचारलं, "हे कोण?"

"तुझे काका. वडलांचे भाऊ."

तिने जरा वेळ आठवून पाहिलं. काही आठवलं नाही.

"हातांना कसला तरी वास येतो त्यांच्या," ती म्हणाली आणि तोंड धुवायला गेली.